शेजारच्या काकू

धाकटीने कपाटातला एकेक मग फिरवला आणि त्याचा चेहरा भिंतीकडे केला. मगाला चेहरा नसतो हे खरं, पण या मगांना होता. प्रत्येकावर एका बाईचं चित्र होतं. केसांत खोचलेलं पेन, कपाळावर चढवलेला एक चष्मा, गळ्यात दोरीला लटकणारा दुसरा, आणि कुणीतरी दरडावल्यासारखे वर केलेले दोन्ही हात. खाली लिहिलं होतं, "मी काही दाबलं नाही हो, आपोआपच गेलं!" कपाट लावून ती दोन पावलं मागे सरली. मग पुन्हा दार उघडून तिने पुढच्या रांगेत स्टीलचे साधे पेले आणून ठेवले.

"काय शोधतेयस?" प्रोग्रामरने मागून विचारलं.

"काही नाही. जरा आवरतेय."

"तू? आवरतेयस?"

चोराच्या मनात चांदणं, तसं तिचं सकाळपासून झालं होतं. आज तिची आई ऑफिसात यायची होती.

घरात ती धाकटी. थोरली लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली, वडील गेले, आणि आई शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहत असे. ऑफिसात मात्र धाकटीला मान होता. एका जुन्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर मूठभर माणसं मिळून एक प्रोग्राम चालवत होती. जुन्या कॅसेटमधला आवाज त्यात घातला की त्यातली खरखर काढून तो स्वच्छ करून देणारा. प्रोग्राम फुकट होता, चांगला होता, आणि तो कुणी वापरत नव्हतं. कारण त्याचं होमपेज प्रोग्रामरने स्वतः केलं होतं. आलेख, मिळालेली शाबासकी, आणि खरखर कशी ओळखली जाते यावर एक भलामोठा निबंध. येणारी माणसं आल्या पावली परत जात.

"हे पान तू तुझ्यासाठी केलंयस," धाकटी नोकरीवर रुजू झाली तेव्हा त्याला तोंडावर म्हणाली होती. "येणाऱ्याला काय हवंय ते विचारलंस का कुणाला?"

पानं वापरायला सोपी करणं हा तिचा धंदा, आणि त्यात यासाठी एक रीत आहे. वापरणाऱ्यांचा विसर पडू नये म्हणून एक माणूस कल्पायचा. त्याला चेहरा द्यायचा, वय द्यायचं, अडचणी द्यायच्या आणि भिंतीवर चिकटवायचा. वाद झाला की सगळ्यांनी भिंतीकडे बघायचं. तो माणूस जितका खरा वाटेल तितका चांगला, आणि धाकटीने भिंतीवर लावलेल्या काकूंइतकं खरं माणूस त्या ऑफिसात जिवंतसुद्धा कुणी नव्हतं. चित्रकार मुलीने त्यांना चष्मे दिले, दोरी दिली. बोलणं धाकटीने दिलं. काकूंचं एकेक वाक्य ऐकून माणसं पोट धरधरून हसत. "अगं, ते वरचं जे खाली येतं ना, ते आज येतच नाहीये." "कॉम्प्युटर रुसलाय का माझ्यावर?" कुणी काही अवघड सुचवलं की बाकीचे एका सुरात विचारत, "काकूंना कळेल का?" आणि विषय तिथेच मिटे. वर्धापनदिनाला काकूंचे मग छापून आले.

"सुचतं तरी कसं तुला हे?" प्रोग्रामरने एकदा विचारलं होतं.

"सुचत नाही. माझ्या शेजारी राहतात त्या. खऱ्याच आहेत," धाकटी म्हणाली होती. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. शेजारी कुणीही राहत नव्हतं. ती सगळी वाक्यं आईची होती. आई दुपारी फोन करायची, धाकटी खांद्याने फोन कानाशी धरून पेनाचं बटण दाबायची आणि आई बोलेल ते शब्दाला शब्द उतरून घ्यायची. फक्त "गं"च्या जागी कुठे कुठे "हो" घालायची, म्हणजे मग ती आई उरत नसे.

आणि आता नवं होमपेज तयार होतं. ते लोकांसमोर जाण्याआधी दुसरी एक रीत पाळायची होती. बाहेरच्या माणसाला पानासमोर बसवायचं आणि ज्याने ते केलं त्याने शेजारच्या खोलीत तोंडाला कुलूप लावून नुसतं बघायचं. माणूस अडला तरी सांगायचं नाही, चुकला तरी सुचवायचं नाही. आज यायचे होते ते निवृत्त पोस्टमन तापाने झोपले, तेव्हा प्रोग्रामरने परस्पर धाकटीच्या आईला फोन लावला होता.

"तुझ्या आईकडे कॅसेटी आहेत म्हणालीस ना? त्या तर एका पायावर तयार झाल्या," त्याने सांगितलं तेव्हा धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. नाही म्हणायला कारण सुचेना. जे खरं कारण होतं ते सांगायची सोय नव्हती.

आई जिना चढून आली ती धाप लपवतच. भूगोल शिकवण्यात तिचा जन्म गेला होता. कुठल्याही खोलीत शिरल्यावर आधी खिडक्यांकडे बघून पूर्व कुठे ते ठरवायची तिची सवय गेली नव्हती. तसं ठरवून झाल्यावर ती धाकटीच्या टेबलापाशी गेली आणि तिथल्या कुंडीतल्या मातीत तिने बोट खुपसलं. रोप तिनेच दिलेलं होतं.

"उजेडाला ठेवलंस ते बरं केलंस. छान धरलंय की."

"पाणी घालते मी आठवणीने," धाकटी म्हणाली.

"दिसतंय ना." आईला मनापासून आनंद झाला होता. "तुझं ऑफिस मोठं आहे गं. मला वाटलं होतं, एवढीशी खोली असेल."

चित्रकार लगबगीने आली. "काकू, चहा घेणार ना? काकूच म्हणू ना तुम्हाला? आमच्याकडे आधीच एक काकू आहेत, गोंधळ व्हायचा."

"म्हण की. जगात काकू काय एकच असते?"

"चहा मी आणते," धाकटी घाईने म्हणाली. पण तेवढ्यात प्रोग्रामरने कॅसेट-प्लेअरची वायर बसत नाही म्हणून तिला हाक मारली, आणि वायरीच्या एका टोकाला ती अडकून असताना तिला कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. चित्रकार स्वतःशीच बोलत होती, "हे पेले पुढे कुणी ठेवले? पाहुण्यांना पेल्यातून चहा देतात होय!"

आईने मग उजव्या हातात धरला. चित्र पलीकडच्या बाजूला, म्हणजे धाकटीच्या समोर आलं. काकू हात वर करून तिच्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या डोक्यावरून आई घोट घोट चहा पीत प्रोग्रामरला विचारत होती की हा छापखाना खरंच बंद पडला का, शाईचा वास अजून येतो. नंतर पर्समधून रुमालात बांधलेली कॅसेटची पुडी काढायला तिने मग टेबलावर ठेवला, आणि पुन्हा उचलताना तो दुसऱ्या अंगाने तिच्या हाती आला.

तिने पर्समधून चष्मा काढला. त्याला दोरी नव्हती. तो तिने घडी उलगडून नीट नाकावर ठेवला आणि वाचलं. एवढ्याशा ओळीला लागावा त्याहून जरा जास्तच वेळ ती बघत राहिली. प्रोग्रामर शाईबद्दल काहीतरी सांगत होता. धाकटीच्या हातात वायर तशीच होती.

आईने चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला. "चहा छान झालाय," ती चित्रकाराला म्हणाली.

तपासणीच्या खोलीत आई आणि चित्रकार गेल्या. बाजूच्या खोलीत धाकटी आणि प्रोग्रामर कानाला हेडफोन लावून पडद्यासमोर बसले. पडद्यावर आईच्या समोरचं होमपेज दिसत होतं, त्यावर तिच्या माउसचा बाण स्थिर होता. ती अजून बसली नसावी. काकूंचा मोठा कागद त्याच खोलीच्या भिंतीवर होता, हे धाकटीला आत्ता आठवलं. कपाटातले मग लपवताना भिंत तिच्या लक्षातच आली नव्हती.

"या आमच्या काकू," हेडफोनमध्ये चित्रकाराचा आवाज आला. "यांच्यासाठीच तर हे सगळं केलंय आम्ही."

मग काही ऐकू येईना. आई वाचत असणार. धाकटीला तो कागद पाठ होता, त्यामुळे आई कुठे पोहोचली असेल ते तिला बसल्या जागी कळत होतं. एकट्या राहतात. मुलांवर अवलंबून. कॉम्प्युटरला घाबरतात. मग ती सगळी वाक्यं. आणि तळाशी, ठळक अक्षरांत, शेवटचं: "हे होते तोवर मला कशाला हात लावावा लागला नाही. आता शिकायचं तर कुणासाठी शिकायचं?"

आई "तुझे बाबा" म्हणाली होती. धाकटीने त्याचं "हे" केलं. त्या दुपारी असं वाक्य हाती लागल्याच्या आनंदात तिने फोन ठेवला होता आणि आईला पुढे एक शब्द विचारला नव्हता. हे तिला आत्ता, हेडफोनमधली ती शांतता ऐकताना आठवलं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठावं, त्या खोलीत जावं आणि कागद टराटरा फाडावा असं वाटलं. पण रीत होती, आणि शेजारी प्रोग्रामर होता. ती बसून राहिली.

"खऱ्या आहेत या, की तुम्ही रचल्यात?" आईने विचारलं.

"अगदी खऱ्या. ताईंच्या शेजारी राहतात ना."

धाकटीच्या शेजारचं घर कायम कुलूपबंद असे. त्याच्या खिडकीत पारव्यांनी घाण केलीय, अशी तक्रार आईच प्रत्येक खेपेला करत असे.

"हो, हो," आई म्हणाली. "ओळखते मी त्यांना."

"अय्या, भेटलायत तुम्ही?"

"येताजाता दिसतात. फार गोंधळतात बिचाऱ्या."

खुर्ची सरकली. पडद्यावरचा बाण हलला.

होमपेजवर मधोमध एक भलंमोठं हिरवं बटण होतं, त्यावर "इथे दाबा". त्याच्या वर मोठ्या अक्षरांत एक ओळ होती, जी लिहायला धाकटीने अख्खा आठवडा घालवला होता: "घाबरू नका. काहीही बिघडणार नाही." बाकीचं सगळं, गोंधळ नको म्हणून, कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांत लपवलं होतं.

"घाबरू नका," आईने वाचलं. "घाबरलंय कोण?"

चित्रकार हसली. "तुम्हाला जे करावंसं वाटेल ते करा काकू. मी काही सांगणार नाही हं, तसा नियम आहे."

बाण हिरव्या बटणाकडे गेलाच नाही. तो सरळ कोपऱ्यातल्या तीन रेघांवर गेला, यादी खाली उघडली, आणि आई एकेक पर्याय बघत, नको ते बंद करत, मागे येत, पुन्हा पुढे जाऊ लागली. न अडखळता. वरचं जे खाली येतं ते खाली येत होतं आणि आईला हवं तेव्हा वर जात होतं. गेल्याच आठवड्यात तिने याच तीन रेघांबद्दल विचारलं होतं, "त्या रेघोट्या कसल्या गं, पडदा फाटलाय का?" धाकटीने ते लिहून घेतलं होतं.

"तुझी आई जबरदस्त आहे," प्रोग्रामर कुजबुजला. "काकूंच्या अगदी उलट."

"नाही सापडत," थोड्या वेळाने आई म्हणाली.

"काय शोधताय काकू?"

"या पुडीत माझ्या माणसाचा आवाज आहे. तो मी तुमच्याकडे देणार. पुढे तो कुठे जातो? आणखी कुणाकुणाला ऐकू जातो? ते कुठे लिहिलंय ते बघतेय."

चित्रकार गडबडली. "तो आवाज काम झालं की लगेच पुसला जातो. कुणी ऐकत नाही."

"मग तसं लिहा की. माणूस आधी तेच बघणार. बटण काय, दाबता येतं कुणालाही."

"खरंच की," चित्रकार म्हणाली. "पण आमच्या काकूंनी कधी विचारलंच नाही हो हे."

पर्सची चेन लावल्याचा आवाज आला. पुडी आत गेली असावी.

"त्यांना वाटलं असेल," आई म्हणाली, "आपण घरातल्या घरात बोलतोय."

बसथांब्यापर्यंत दोघी चालत गेल्या. आई वाटेतल्या दुकानांबद्दल बोलत होती, चपलेचा अंगठा सैल झालाय म्हणत होती, चित्रकार मुलगी गोड आहे म्हणत होती. धाकटी हं हं करत होती. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं तिला प्रत्येक पावलाला वाटत होतं, आणि धरणी काही मनावर घेत नव्हती. आईने रागवावं, निदान एवढं तरी व्हावं, म्हणून ती वाट बघत होती.

थांब्यावर बाक होता. आई बसली. धाकटी उभीच राहिली.

"तुला ते सगळं येतं," ती शेवटी म्हणाली.

"काय?"

"त्या तीन रेघा. ते खाली येणारं. सगळंच."

"येतंय की. कधीपासूनच येतंय." आई रस्त्याकडे बघत होती. "शिकवणीला जायचे मी तळमजल्यावरच्या बाईंकडे. सांगितलं नाही तुला."

"मग मला फोन करून विचारायचीस का?"

आईने पर्स मांडीवर सरळ केली.

"तुला एरवी फोन केला की तू मीटिंगमध्ये असायचीस. जेवलीस का म्हटलं की मीटिंग, बरी आहेस का म्हटलं की मीटिंग. आणि एकदा खरंच काहीतरी अडलं, तर तू म्हणालीस, थांब थांब, नेमकं काय झालंय, परत सांग." तिने धाकटीचा घाईचा, उत्सुक आवाज हुबेहूब काढला. "इतकं मन लावून ऐकलंस तू त्या दिवशी. मला फार बरं वाटलं. मग मी आठवून आठवून काढायला लागले. आज काय बरं अडवावं, असं."

वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात ते हेच.

"आणि तुझ्या पेनाची टिकटिक यायची फोनमध्ये," आई म्हणाली. "मला वाटायचं, माझ्यासाठी उत्तर लिहून काढतेय पोर."

रस्त्यावरून एक सायकलवाला गेला. त्याच्या मागे बांधलेला पत्रा खडखडत लांबपर्यंत ऐकू येत राहिला.

"आणि बाबांचं?" धाकटीने विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारल्याशिवाय राहवेना.

"ते नाही," आई म्हणाली. "ते आठवून काढलेलं नव्हतं."

"आई, माझं चुकलं."

"ती बस आपली का बघ गं. मला लांबून नंबर दिसत नाही."

आईचा चष्मा जवळचा होता. लांबचं तिला स्वच्छ दिसे, शाळेच्या मागच्या बाकावर कोण काय करतंय तेसुद्धा दिसत असे. धाकटीने बसचा नंबर वाचून सांगितला. आई दांड्याला धरून चढली, खिडकीपाशी बसली, आणि बस सुटताना तिने रोज करावा तसा हात केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने भिंतीवरचा कागद काढला. चारही कोपरे सोडवून झाल्यावर तिने तो गुंडाळला आणि सगळे आपापल्या जागी बसलेले असताना सांगून टाकलं. शेजारी कुणी काकू नाहीत. ती माझी आई. जे तिने विचारलं त्यातलं निम्मं तिला येत होतं, आणि जे तिने विचारलं नव्हतं तेही मी भिंतीवर लावलं. तिने हे सगळं खाली मान घालून सांगितलं, एखाद्या शाळकरी पोरीने सांगावं तसं. एवढ्या वर्षांत भर मीटिंगमध्ये तिचा आवाज कधी कापला नव्हता.

"मी त्यांना त्याच मगातून चहा दिला," चित्रकार म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि ती चिडलेलीही होती. "निदान मला तरी सांगायचंस ताई. मी त्यांच्या गळ्यात दोरी घातली."

"मग आपण ते 'घाबरू नका' लिहिलं," प्रोग्रामर हळूच म्हणाला, "ते कुणाला उद्देशून?"

याचं उत्तर धाकटीला ठाऊक होतं. आईचा फोन वाजला की आता ही किती वेळ खाणार म्हणून कोण घाबरायचं, ते तिला कालपासून पुरतं कळलं होतं. तिने ते सांगितलं नाही. रुजू झाली तेव्हा तिनेच तर प्रोग्रामरला म्हणून दाखवलं होतं, हे पान तू तुझ्यासाठी केलंयस. तेच वाक्य आता घरी परत आलं होतं.

पान नव्याने केलं. यावेळी भिंतीवर कुणाला चिकटवलं नाही. माणसांना बोलावलं, बसवलं, आणि काय हवंय ते विचारलं. बरे झालेले पोस्टमन आले, एक गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या, एक वकील आले. प्रत्येकाच्या हातात कुणाचा ना कुणाचा आवाज होता, आणि प्रत्येकाने या ना त्या शब्दांत तेच विचारलं. हिरवं बटण लहान झालं. त्याच्या वर आता लिहिलं होतं: "तुम्ही दिलेला आवाज कुणीही ऐकत नाही. काम झालं की तो इथून पुसला जातो. तो तुमचाच राहतो." कपाटातले मग हळूहळू दिसेनासे झाले. कुणी नेले, कुठे टाकले, कुणी विचारलं नाही. पाहुण्यांना पेल्यातून चहा मिळू लागला.

आईचा फोन मात्र येत नव्हता. धाकटी रविवारी घरी गेली, आईने नेहमीसारखं वाढलं, थोरलीच्या मुलांबद्दल सांगितलं. कॉम्प्युटर कोपऱ्यात होता, त्याच्यावर विणलेलं झाकण होतं. त्याच्याबद्दल आईने अवाक्षर काढलं नाही, आणि धाकटीची विचारायची हिंमत झाली नाही. दुपारच्या वेळी ऑफिसात फोन वाजला की तिचा हात आपसूक पुढे जाई, आणि दुसऱ्याच कुणाचा तरी असे.

नवं पान लोकांसमोर गेल्यानंतर माणसं खरंच थांबू लागली. पानाच्या तळाशी अभिप्राय लिहायला जागा होती. दुपारी चहाच्या वेळी चित्रकार ते मोठ्याने वाचून दाखवी. एका दुपारी वाचता वाचता ती मधेच थांबली.

"वाच की," प्रोग्रामर म्हणाला.

"कॅसेट स्वच्छ झाली," तिने वाचलं. "आवाज ओळखीचा आला. पान कळायला सोपं आहे. कुणी दरडावत नाही, कुणी गोंजारत नाही. आभारी आहे." तिने पान खाली सरकवलं. "खाली सही आहे. शेजारच्या काकू."

कुणी हसलं नाही. प्रोग्रामर उठून खिडकीपाशी गेला. बाबांचा आवाज आईने एकटीने स्वच्छ केला होता, एकटीने ऐकला होता, आणि त्याची पोच परक्या माणसाने द्यावी तशी दिली होती. धाकटीने फोन उचलला, आपल्या टेबलापाशी गेली आणि सगळ्यांकडे पाठ करून नंबर लावला. घंटा वाजत राहिली. आई हल्ली दुपारी काय करते, हे आपल्याला माहीत नाही, असं तिला वाटलं.

"हॅलो," आई म्हणाली. "बोल गं. काही अडलंय का?"

काहीच अडलं नव्हतं. विचारायचं होतं ते हे की जेवलीस का, बरी आहेस का, आवाज ऐकताना एकटी का बसलीस. पण हे प्रश्न इतक्या वर्षांत या बाजूने कधी गेलेच नव्हते, आणि आता ते तोंडात येईनात. तिच्यासमोर खिडकीच्या उजेडात कुंडी होती. रोपाला नवा कोंब आला होता, हिरवागार.

"आई, ते तू दिलेलं रोप," ती म्हणाली. "सुकायला लागलंय गं. काय करावं कळत नाहीये."

रोप आईने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. मातीत बोट घालून बघितलं होतं. धाकटीने डोळे मिटले.

"थांब, थांब," आई म्हणाली. "नेमकं काय झालंय, परत सांग."

आणि पाठोपाठ पेनाची टिकटिक ऐकू आली.